क्लासची फी भरायच्या आधी: सी का पायथॉन?

राजेहो, दहावी-बारावीचे निकाल लागले की दरवर्षी माझ्याकडे एकच प्रश्न येतो. शिकलो अकोल्यात, राहतो अमरावतीत आणि पंधरा वर्षांपासून पोट सॉफ्टवेअरवर चालते. त्यामुळे नात्यातले, ओळखीचे, ओळखीच्यांच्या ओळखीचे सगळेच विचारतात. यंदा दर्यापूरकडचे एक दादा पोरीला घेऊन थेट घरीच आले.

"भाऊ, पोरीले कम्प्युटर डिप्लोमाले टाकून रायलो. कॉलेज चालू व्हायच्या आंधी एखांदा क्लास लावून द्याव म्हनतो. सी लावू का पायथॉन लावू? स्कोप कायले हाय?"

हातात एका क्लासचं पत्रक होतं. त्यावर सी, सी प्लस प्लस, जावा, पायथॉन, वेब डिझाइन आणि खाली मोठ्या अक्षरात ए.आय. सगळं सहा महिन्यांत. फीचा आकडा पाहिला तर घरच्या चार क्विंटल तुरीएवढा. पोरगी गप्प बसून होती. तिच्याकडे लॅपटॉप नव्हता, फोन होता.

त्यांना मी त्या दिवशी दोन-तीन वाक्यांत उत्तर दिलं. पण हा प्रश्न एका घरचा नाही, म्हणून आज सविस्तर लिहितो.

आधी त्या 'स्कोप'चं पाहू. मी शिकत होतो तेव्हा व्हिज्युअल बेसिकला स्कोप होता. "व्हीबी येते का?" असं विचारायचे. क्लासवाल्यांच्या पाट्यांवर व्हीबी सगळ्यात वर. मायक्रोसॉफ्टनं त्या व्हीबी ६ चा सपोर्ट २००८ मध्ये बंद केला. ज्यांनी बटन कुठं ओढायचं एवढंच पाठ केलं होतं ते अडकले. ज्यांना प्रोग्राम म्हणजे काय हे कळलं होतं ते दुसऱ्या भाषेत गेले आणि आजही काम करून रायले. दादांच्या पोरीला नोकरी लागायला अजून तीन ते सहा वर्षं आहेत. तेव्हा बाजारात काय चालेल हे मी सांगू शकत नाही आणि पत्रक छापणाराही सांगू शकत नाही. तसंही बऱ्याच कंपन्यांच्या कोडिंग परीक्षेत कोणत्या भाषेत उत्तर लिहायचं ते उमेदवारच निवडतो.

पहिली भाषा नोकरीसाठी नसते. तिच्यातून चार-पाच गोष्टी डोक्यात बसायच्या असतात. आकड्याला नाव देऊन ठेवायचं. असं असेल तर हे कर, नाहीतर ते कर. हेच काम शंभर वेळा कर. मोठ्या कामाचे लहान तुकडे पाड. आणि चुकलं तर कुठं चुकलं ते शोध. या गोष्टी सी, जावा, पायथॉन सगळीकडे सारख्याच आहेत. एका भाषेत पक्क्या झाल्या की दुसरीत फक्त लिहायची पद्धत बदलते.

यातली शेवटची गोष्ट, चूक शोधणं, हीच सगळ्यात महत्त्वाची आहे असं माझं मत झालं आहे. नवशिक्याचा नव्वद टक्के वेळ चुकीतच जातो. म्हणून पहिली भाषा निवडताना एकच पाहावं: पोट्टं चुकलं की ही भाषा त्याला सांगते का गप्प राहते?

आपल्या हिशेबाचंच उदाहरण घेऊ. कापूस १२ क्विंटल, भाव सोपा म्हणून ७,००० धरू. किती झाले? शेंबडं पोरगंही ८४,००० सांगेल.

आता हाच हिशेब आपल्याकडच्या अनेक लॅबमध्ये वर्षानुवर्षे चालत आलेल्या टर्बो सीवर करा. १२ आणि ७,००० दोन 'इंट'मध्ये ठेवा, गुणा आणि छापा. उत्तर येते १८,४६४. लाल अक्षर नाही, सूचना नाही, काही नाही. मार्केट यार्डात कोणी एवढी पट्टी हातात दिली असती तर आपण त्याची कॉलर धरली असती.

असं का होते? टर्बो सी हे बोरलँड कंपनीनं १९८७ मध्ये डॉससाठी काढलेलं सॉफ्टवेअर. त्यात इंटला १६ बिटची जागा, म्हणजे त्यात जास्तीत जास्त ३२,७६७ मावते. १६ बिटमध्ये एकूण ६५,५३६ आकडे बसतात. ८४,००० मधून ६५,५३६ वजा करा, बरोबर १८,४६४ उरतात. पायली भरून सांडली आणि मापाऱ्यानं खाली उरलेलंच मोजलं, असा तो प्रकार.

हा दोष सगळा सीचा नाही हेही सांगतो. आजच्या जीसीसी कंपायलरवर, जो फुकट मिळते, इंट ३२ बिटचा असतो आणि ८४,००० बरोबर येतात. पण सीचा स्वभाव मुळात कमी बोलण्याचाच आहे. पाच पोत्यांची जागा सांगून सहावं पोतं ठेवलं तरी ती बऱ्याचदा ठेवू देते आणि शेजारचं काहीतरी दाबल्या जाते. चूक दिसते दहा ओळींनंतर, भलत्याच ठिकाणी. सोळा वर्षांच्या पोरीला त्या वेळी वाटते, आपल्यालाच हे जमत नाही. लॅबमध्ये शंका विचारायला सर मोकळे नसतात आणि घरी सांगणारं कोणी नसते. माझ्यासोबतचे कितीतरी हुशार पोट्टे याच टप्प्यावर "हे आपलं काम नाही बावा" म्हणून बाजूला झाले. त्यांना गणित येत होतं. त्यांना फक्त उलटून बोलणारी भाषा मिळाली नव्हती.

आता पायथॉन. दादांच्या पोरीला मी फोनवर पायड्रॉइड नावाचं ॲप टाकून दिलं. त्यात पायथॉन फोनवरच चालतो, लॅपटॉप लागत नाही. कापसाचा हिशेब तिनं माझ्यासमोर तीन ओळींत केला, ८४,००० आले. बाप खुश. मी म्हटलं, आता घरी जाऊन असा कर की क्विंटल किती ते आधी विचारेल आणि मग हिशेब सांगेल.

चार दिवसांनी तिचा फोटो आला. पूर्ण स्क्रीनवर १२१२१२१२१२, खालपर्यंत नुसता बाराचा पाढा बिघडल्यासारखा. खाली मेसेज: "काका, हे काय होऊन रायलं?"

मी पोट धरून हसलो, पण ही चूक फार मोलाची आहे. पायथॉनमध्ये 'इनपुट'नं विचारलेलं उत्तर आकडा म्हणून येत नाही, अक्षरं म्हणून येते. अक्षरांना ७,००० नं गुणलं की ती अक्षरं सात हजार वेळा छापल्या जातात. तिला मी एवढंच विचारलं, "बारा हा आकडा आहे का दोन अक्षरं?" अर्ध्या तासात तिनं स्वतः 'इंट' शोधून काढला. आकडा आणि अक्षर यातला फरक तिला आता कोणी शिकवायची गरज नाही.

पुढच्या वेळी तिनं भावही विचारून घेतला. दोन्हीकडे अक्षरं, त्यात गुणाकार. या वेळी पायथॉन थांबला आणि इंग्रजीत ओरडला: टाइप एरर. कोणत्या ओळीत तेही सांगितलं. तिला मी एक सवय लावली: पायथॉनची चूक वाचताना सगळ्यात खालची ओळ आधी वाचायची. खरी गोष्ट तिथं असते.

टर्बो सीचं १८,४६४ आणि पायथॉनचं १२१२१२, चूक दोन्हीकडे झाली. पण पहिली चूक खऱ्यासारखी दिसते आणि पुढं निघून जाते. दुसरी चूक आंधळ्यालाही दिसते. शिकणाऱ्याला दुसरीच पाहिजे.

जावास्क्रिप्टबद्दलही विचारतात, कारण ती कुठल्याही ब्राउझरमध्ये चालते आणि वेबसाइट करता येते. पोराला चित्र, रंग, वेबपेज यांची आवड असेल तर चालेल. पण ती फार समजूतदार भाषा आहे. तिला अक्षरातला १२ आणि आकड्यातला ८ बेरजेला दिला तर ती १२८ देते, तक्रार न करता. पायथॉन तिथं थांबते. म्हणून माझ्या यादीत ती दुसरी. आणि एचटीएमएल ही प्रोग्रामिंगची भाषाच नाही, पान मांडायची खूण आहे. "पोट्ट्याले कोडिंग येते" म्हणून एचटीएमएलचं सर्टिफिकेट दाखवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता सीवाले मास्तर रागावतील, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. मशीनच्या आत मेमरी कशी असते हे सीइतकं कोणी दाखवत नाही. लिनक्सचा गाभा सीमध्ये आहे. आपण ज्याला सोपा म्हणतो तो पायथॉनही मूळ सीमध्येच लिहिलेला आहे. गेटच्या कॉम्प्युटर सायन्सच्या पेपरमध्ये सी आहेच. ज्याला इंजिनिअरिंग करायचं त्याला सी टाळून चालत नाही आणि टाळूही नये. माझं म्हणणं फक्त क्रमाचं आहे. विहीर खोदायची आहेच, पण पोहायला शिकवताना पोराला पहिल्या दिवशी विहिरीत ढकलत नाहीत.

अवघड भाषेतूनही सुरुवात करता येते, शिकवणारा तसा असेल तर. मुंबईच्या आयआयटीतले प्राध्यापक अभिराम रानडे यांनी सी प्लस प्लसवर नवशिक्यांसाठी पुस्तक लिहिलं. त्याची सुरुवात पडद्यावरच्या कासवापासून होते. कासवाला पुढं जा, उजवीकडे वळ असं सांगायचं, की चौकोन तयार. चूक झाली की चौकोन वाकडा दिसतो, म्हणजे चूक डोळ्यांना दिसते. मूळ कल्पना तीच. भाषा कोणतीही घ्या, पण पोराला स्वतःची चूक स्वतः दिसली पाहिजे.

आपल्याकडे मात्र क्रम अभ्यासक्रम ठरवते. एमएसबीटीईच्या २०१७ च्या आय-स्कीममध्ये कॉम्प्युटर डिप्लोमाला दुसऱ्या सेमिस्टरला सी, तिसऱ्याला सी प्लस प्लस, चौथ्याला जावा आणि पायथॉन थेट सहाव्याला होता. नंतरच्या के-स्कीममध्ये तो अलीकडे आणला, बरं झालं, पण सुरुवात सीपासूनच. राज्य बोर्डाच्या बारावीला कॉम्प्युटर सायन्स घेणाऱ्या पोरांनी वर्षानुवर्षे सी प्लस प्लस आणि १९७६ साली आलेला ८०८५ मायक्रोप्रोसेसर केला. सीबीएसईनं सी प्लस प्लस सोडून पायथॉन घेतला. पुण्याच्या सीबीएसई शाळेतलं पोरगं आणि अंजनगावच्या ज्युनिअर कॉलेजातलं पोरगं पुढं एकाच वर्गात बसतात, हे विसरू नका.

म्हणून डिप्लोमाला जाणाऱ्या पोरांना माझा सल्ला असा. जून ते डिसेंबर पायथॉन करा, फोनवर का होईना. दुसऱ्या सेमिस्टरला सी येईल तेव्हा तुम्हाला फक्त सी शिकावी लागेल, प्रोग्रामिंग आणि सी दोन्ही एकदम नाही. आणि सी करताना घरी जीसीसीवर करा. टर्बो सीमध्ये पाठ केलेलं 'व्हॉइड मेन', 'कोनिओ' आणि स्क्रीन पुसायची ओळ बाहेरच्या ऑनलाइन परीक्षेत बऱ्याचदा चालत नाही. पोट्ट्याचं लॉजिक बरोबर, पण प्रोग्राम कंपाइलच होत नाही. असे रडवेले फोन मला आले आहेत.

दुसरी अडचण इंग्रजीची. आपल्या पोरांना तर्क कमी पडत नाही, चुकीचा मेसेज वाचायची भीती वाटते. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात सीसकट बऱ्याच विषयांचे धडे मराठी आवाजात आहेत, फुकट. आणि एक गंमत सांगतो. पायथॉन ३ मध्ये नावं मराठीत ठेवता येतात. 'कापूस' या नावात १२ ठेवा, 'भाव' या नावात ७०००, आणि कापूस गुणिले भाव छापायला सांगा. चालते! कोडात थेट लिहिलेला आकडा आणि 'प्रिंट'सारखे शब्द इंग्रजीतच लागतात, पण मराठी कीबोर्डवरून भरलेलं १२ सुद्धा पायथॉनचा 'इंट' बाराच समजते. कंपनीत कोणी असं लिहीत नाही, मान्य. पण पहिल्या महिन्यात पोरीला 'एक्स' आणि 'वाय' ऐवजी 'कापूस' आणि 'भाव' दिसला तर हा प्रोग्राम तिचा वाटते. बोलायला लागताना आपण वऱ्हाडी बोललो, प्रमाण मराठी शाळेत शिकलो. काही बिघडलं का?

क्लासवाल्यांबद्दल. सगळे वाईट नाहीत. काही जण खरंच जीव ओतून शिकवतात. पण सहा महिन्यांत सहा भाषा कोणीच शिकवू शकत नाही. आपल्याच अमरावती-अकोला हायवेवर जून २०२२ मध्ये लोणी ते माना ७५ किलोमीटरचा डांबराचा थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला आणि गिनीज बुकात नाव गेलं. कौतुकाचीच गोष्ट. पण तो वरचा थर होता, खालचा रस्ता पाच दिवसांत होत नाही. क्लास लावायचाच असेल तर फी भरायच्या आधी तीनच प्रश्न विचारा. एक, पहिल्या तीन महिन्यांत किती भाषा शिकवता? एकपेक्षा जास्त म्हटलं तर उठा. दोन, पोरगं स्वतः कीबोर्डवर रोज किती वेळ बसेल? तीन, चूक आली तर सर सुधारून देतात का पोराला शोधायला लावतात? तिसऱ्याचं उत्तर नीट ऐका.

कॉलेजांकडे आणि विद्यापीठाकडेही मागणं आहे. गाडगेबाबांच्या नावाचं आपलं विद्यापीठ पाच जिल्ह्यांचं आहे. एवढ्या पोरांच्या लॅबमधून टर्बो सी काढायला पैसा लागत नाही. लिनक्स फुकट, जीसीसी फुकट, पायथॉन फुकट आणि जुन्या कॉम्प्युटरवरही हे चालते. प्रॅक्टिकल परीक्षेत तेच ठरलेले प्रोग्राम पाठ करून लिहायला लावण्यापेक्षा एक चुकीचा प्रोग्राम द्या आणि म्हणा, चूक शोध. लॅब संध्याकाळी दोन तास उघडी ठेवा. ज्या घरात लॅपटॉप नाही त्या घरच्या पोरीला या दोन तासांची किंमत आहे.

"आता ए.आय.च कोड लिहून देते, मंग शिकाचं कायले?" हेही दादांनी विचारलं होतं. देते ना, फटाफट देते. पण त्यानं दिलेला हिशेब १८,४६४ आला तर तो चूक आहे हे कोणी ओळखायचं? ज्यानं स्वतः चुका करून पाहिल्या तोच ओळखेल. सुरुवातीचे तीन-चार महिने ए.आय.कडून कोड लिहून घेऊ नका. फार तर चुकीच्या मेसेजचा अर्थ मराठीत विचारा.

थोडक्यात माझं मत: बहुतेकांनी पायथॉनपासून सुरू करावं. सहा महिने भाषा बदलू नये. रोज एक तास. घरचाच एखादा हिशेब घ्यावा, दूध, किराणा, मजुरी, भिशी, काहीही. सीचं मास्तर चांगलं मिळालं असेल तर खुशाल सीपासून सुरू करा, मी आड येणार नाही. फक्त स्कोपच्या नावावर तुरीचे पैसे उधळू नका.

दादांनी त्या क्लासची फी भरली नाही. त्यातल्या थोड्या पैशात पोरीनं फोनला जोडायचा कीबोर्ड घेतला. परवा तिनं मजुरांच्या हजेरीचा प्रोग्राम पाठवला. कोणी किती दिवस आलं, रोज किती, उचल किती, देणं किती. एका बाईचा हिशेब वजामध्ये येत होता. तिला वाटलं प्रोग्राम चुकला. दोन दिवस शोधलं, प्रोग्राम बरोबर निघाला. बापानं वहीत एकच उचल दोनदा लिहिली होती.

दादांचा फोन आला. "भाऊ, पोट्टीनं माह्यीच चूक काहाडली ना!"

आवाजात राग नव्हता. आणि स्कोपचं त्यांनी या वेळी विचारलं नाही.